दादाच्या हृदयातली गाठ आणि तिच्या शेजारून जाणारी धमनी

येरळाकाठ (धागालेखिका)

गेल्या श्रावणात माझा आतेभाऊ गेला. वय ३८. इतके महिने फाइल कपाटात बांधून ठेवली होती. परवा वहिनी पुण्याला आल्या आणि दोघींनी मिळून ती उघडली. त्यातली एक ओळ दोघींच्याही डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितेय. इथे डॉक्टर मंडळी आहेत आणि या वाटेवरून गेलेलेही असतील.

आमचं गाव विट्याजवळ. आमच्याकडची निम्मी घरं गलाईवर उभी राहिली आहेत, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यावर. त्यासाठी आमची माणसं पार केरळ, तमिळनाडू, बंगालपर्यंत गेली. दादा सोळाव्या वर्षी कोईमतूरला गेला, आधी चुलत्याच्या दुकानात आणि मग स्वतःच्या. मागच्या पौषात त्याला जिना चढताना दम लागायला लागला. गलाईवाल्याला दम लागला की सगळे एकच म्हणतात, ॲसिडचा धूर. त्यानेही तेच धरलं आणि दोन महिने काढले. मग पायाला सूज आली, आडवं झोपता येईना, उशा रचून बसल्या बसल्या झोपायचा.

टू-डी इको झाला तेव्हा हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी भरलेलं दिसलं. सुईने काढलं, जवळपास पाऊण लिटर निघालं, आणि ते लालभडक होतं. पाण्याच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी नाहीत असा रिपोर्ट आला. एडीए, म्हणजे टीबीत वाढणारं एक एन्झाइम, थोडं वाढलेलं होतं. टीबी असावा म्हणून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालू केलं आणि घरी पाठवलं. आम्हाला किती बरं वाटलं म्हणून सांगू! टीबी म्हणजे सहा महिने गोळ्या आणि मोकळा. आत्याने गावातल्या देवीला नारळ फोडला.

तीन आठवड्यांत पाणी परत भरलं. मग मात्र त्याला पुण्याला आणलं. सीटी झाला, एमआरआय झाला. उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीतून निघालेली सात सेंटिमीटरची गाठ. दोन्ही फुफ्फुसांत ठिपके. मांडीतल्या शिरेतून नळी घालून तुकडा काढला. अँजिओसार्कोमा. हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. हृदयाला कॅन्सर होतो हेच आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

सीटीच्या रिपोर्टमधली ती ओळ मराठीत लिहिते: गाठीने उजव्या कोरोनरी धमनीला मधल्या भागात पूर्ण वेढा घातला असून धमनीतला प्रवाह टिकून आहे. आम्हाला बाहेर येऊन जे सांगितलं गेलं ते एवढंच की 'गाठ नळीला चिकटली आहे, ऑपरेशन होणार नाही.' पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध दर आठवड्याला चालू केलं. पाच डोस झाले. सूज उतरली, जेवायला लागला, मुलाशी कॅरम खेळला. सहाव्या डोसच्या दोन दिवस आधी पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. धमनीची भिंत फुटून आवरणात रक्त साठलं असावं, असं सांगितलं.

वहिनी परवा ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होत्या. मला म्हणाल्या, "एवढीशी नळी ती. तिच्यात एवढं काय हुतं की त्यांनी हातच लावला नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाठीने वेढलं असूनही प्रवाह टिकून कसा? मग अचानक फुटलं कसं? आणि पहिल्याच वेळी, ते लाल पाणी निघालं तेव्हा, कुणी आत नीट बघितलं असतं तर दादा आज असता का? शेवटचा प्रश्न विचारायला भीती वाटते, पण तोच विचारायचाय. खरं असेल ते सांगा.

---

चिंचबन

ताई, वाचून सुन्न झालो. उत्तर माझ्याकडे नाही. वहिनींना आणि मुलाला जपा.

---

रुईफूल

मला राग आला वाचताना. कॅन्सरही नाही आणि टीबीचे जंतूही सापडले नाहीत, तरी एकेटी? आपल्याकडे काही समजलं नाही की टीबी, ही सवयच झाली आहे. माझ्या नणंदेलाही असंच आठ महिने एकेटी दिलं होतं, निघालं दुसरंच.

---

आडवाट

मी हृदयशल्यचिकित्सक आहे, बावीस वर्षं झाली. अशा गाठी या काळात मी स्वतः पाच पाहिल्या, दोनांना हात लावला. तेव्हा जे लिहितोय ते थोड्या अनुभवावर आणि बऱ्याच वाचनावर.

आधी ती धमनी. महाधमनी हृदयातून बाहेर पडते तिथेच, तिच्या अगदी मुळाशी, दोन कोरोनरी धमन्या फुटतात. उजवी जी आहे ती उजवं अलिंद आणि उजवं निलय, म्हणजे वरचा कप्पा आणि खालचा कप्पा, यांच्या मधल्या खोबणीतून गोल फिरून हृदयाच्या मागे आणि तळाशी जाते. दोन वावरांच्या मधल्या बांधाला लागून पाट जावा, तशी. खोबणीत चरबी असते आणि धमनी त्या चरबीत रुतलेली असते. वाटेत ती बहुतेकांत हृदयाचे ठोके लावणाऱ्या केंद्रांना रक्त पुरवते आणि पुढे हृदयाच्या तळाच्या स्नायूला. "एवढीशी नळी" खरंच आहे, तीन-चार मिलिमीटरची, पण तिच्यामागे हे सगळं शिवार भिजतं.

आता अँजिओसार्कोमा. प्रौढांत हृदयात जे मूळचे घातक अर्बुद होतात त्यांत हा सगळ्यात जास्त आढळतो, आणि तो उगवतो बहुधा उजव्या अलिंदाच्या बाहेरच्या भिंतीत, त्या खोबणीच्या जवळ. म्हणजे धमनी त्याच्या वाटेतच आहे. तो आत कप्प्यात फुगतो तसाच बाहेर आवरणाकडेही जातो. म्हणून आधी पाणी भरतं, ते पाणी रक्ताचं असतं आणि गाठ नंतर दिसते. साध्या इकोत पाण्याच्या गडबडीत उजव्या अलिंदाची ती बाजू सहज निसटते.

वेढलं तरी प्रवाह कसा टिकला? धमनीत दाब असतो आणि तिची भिंत जाड, स्नायूची असते. शिरेला गाठीने वेढलं की ती चपटी होते. वरची महाशीर दबली की तोंड-मान सुजते ती त्यामुळे. धमनी मात्र गाठीच्या मध्येही बराच काळ धडधडत राहते. रेडिओलॉजिस्टने लिहिलेलं अगदी बरोबर होतं. पण भिंतीला बाहेरून जे रक्त मिळतं, भिंतीतल्या बारीक केशवाहिन्यांतून, ते गाठ खाते. गाठीच्या पेशी भिंतीत शिरतात. भिंत एका जागी कुजल्यासारखी मऊ होते, कधी बाहेर फुगा येतो, त्याला आम्ही खोटा अन्युरिझम म्हणतो, कारण त्याची भिंत धमनीची नसून भोवतीच्या गाठीची आणि गुठळीची असते. आणि तो एक दिवस फुटतो. दुसरी शक्यता अशी की धमनी फुटलीच नाही, गाठच फुटली. अँजिओसार्कोमा ही रक्तवाहिन्यांच्या अस्तरातूनच तयार झालेली गाठ आहे, तिच्या आत रक्ताची तळी असतात. शवविच्छेदन झालं नसेल तर दोन्हींतलं कुठलं, ते छातीठोक सांगता येणार नाही. आवरणाच्या पिशवीत अचानक रक्त साठलं की हृदयाला फुलायला जागा राहत नाही, आणि त्यासाठी पाऊण लिटर लागत नाही. दीडदोनशे मिली झपाट्याने साठलं तरी पुरतं. पहिल्यांदा पाऊण लिटर मावलं, कारण ते हळूहळू साठलं आणि पिशवी ताणत गेली.

आता वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर. धमनी वेढलेली आहे एवढ्यानेच ऑपरेशन अशक्य होत नाही. हार्ट-लंग मशीनवर घेऊन उजव्या अलिंदाची भिंत, खोबणीतली चरबी आणि धमनीचा तो तुकडा असं सगळं एकसंध कापून काढता येतं. पायातली शीर घेऊन पुढच्या धमनीला बायपास जोडायचा, अलिंदाची भिंत गाईच्या हृदयावरणाच्या तुकड्याने परत बांधायची. अवघड आहे, पण होतं. ऑपरेशन झालं नाही याचं खरं कारण फुफ्फुसांतले ठिपके. गाठ आधीच पसरली होती. एवढी मोठी शस्त्रक्रिया करून मागे गाठ उरणार असेल तर रुग्णाचे उरलेले आठवडे आयसीयूत जातात, हाती काही लागत नाही. तुम्हाला बाहेर घाईत फक्त धमनीचं सांगितलं. फुफ्फुसाचंही तेव्हाच सांगायला हवं होतं. ते न सांगितल्यामुळे वहिनी इतके महिने एका नळीला दोष देत बसल्या.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. तीन-चार आठवडे आधी कळलं असतं तर? ताई, या रोगात निदान होतं तेव्हाच बहुसंख्य रुग्णांत तो पसरलेला असतो, आणि सगळ्यात आधी फुफ्फुसात, कारण उजव्या कप्प्यातलं रक्त थेट तिथेच जातं. दादांच्या फुफ्फुसातले ठिपके तीन आठवड्यांत उगवलेले नव्हते. माझं मत विचाराल तर, नाही. दादा वाचले असते असं मला वाटत नाही.

---

येरळाकाठ

डॉक्टर, दोनदा वाचलं. फुफ्फुसाचं कारण होतं हे आम्हाला आज कळतंय. वहिनींना फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, पाटाचं समजलं.

शवविच्छेदन झालं नाही. कुणी विचारलंही नाही, आणि विचारलं असतं तरी आत्या तयार झाली नसती.

---

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट. आडवाट यांच्या उत्तरात माझ्याकडून थोडी भर, आणि रुईफूल यांच्याशी थोडा मतभेद.

हृदयावरणात पाणी भरण्याचं आपल्या देशात सगळ्यात मोठं कारण आजही टीबीच आहे, आणि टीबीचं पाणीही लालसर असू शकतं. जंतू त्या पाण्यात क्वचितच दिसतात. तेव्हा ३८ वर्षांच्या माणसात, एडीए वाढलेलं असताना, पहिल्या खेपेला एकेटी चालू करणाऱ्या डॉक्टरला मी दोष देणार नाही. अडचण तिथून पुढे सुरू होते. पाण्यात कॅन्सरच्या पेशी नाहीत, हा रिपोर्ट अँजिओसार्कोमाच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहे. फुफ्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर आवरणात आला की पाण्यात पेशींचे घोस सापडतात. सार्कोमा, म्हणजे स्नायू, हाडं, रक्तवाहिन्या अशा ऊतींतला कॅन्सर, तशा पेशी सोडत नाही, भिंतीला धरून बसतो आणि पाण्यात येतं ते नुसतं रक्त. मी स्वतः असे रिपोर्ट दिलेत. 'पेशी आढळल्या नाहीत' हे खरं असतं, पण घरचे लोक आणि कधी कधी डॉक्टरही ते 'कॅन्सर नाही' असं वाचतात.

म्हणून जे कुणी हे वाचत असतील त्यांना कळकळीने सांगतो. हृदयाभोवतीचं पाणी रक्ताचं असेल आणि औषध चालू असताना परत भरलं, तर पुन्हा नुसती सुई लावून पाणी काढू देऊ नका. आवरणाचा तुकडा तपासायला पाठवा, कॉन्ट्रास्ट देऊन सीटी किंवा हृदयाचा एमआरआय करा, अन्ननलिकेतून इको करा. यातलं काहीही फार दुर्मीळ राहिलेलं नाही. जिल्ह्याच्या गावी सीटी होतोच.

तुकडा मिळाल्यावरही निदान सोपं नसतं. वरवरचा तुकडा आला तर त्यात फक्त गुठळी आणि मृत पेशी. नेमकी जागा सापडली तर सीडी३१ आणि ईआरजी हे रंग चढवून पेशी रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या आहेत हे दाखवावं लागतं.

---

रुईफूल

मान्य. पहिल्या खेपेबद्दल मी घाईने बोलले. पण घरच्यांना 'टीबी आहे' असं ठामपणे सांगायचं आणि 'टीबी असावा असं वाटतंय, दोन आठवड्यांनी परत इको करायचाच' असं सांगायचं, यात फार मोठा फरक आहे. आमच्या नणंदेच्या वेळी हे दुसरं वाक्य कुणीच बोललं नाही.

---

सूक्ष्मदर्शी

यात तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

---

पडघम

हृदयाच्या कॅन्सरचं नाव मी कॉलेजात असताना पहिल्यांदा ऐकलं. किस या बँडचा ड्रमर एरिक कार १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये याच रोगाने गेला, ४१ वर्षांचा होता. तेव्हापासून एक प्रश्न पडलाय. इतर सगळ्या अवयवांचे कॅन्सर ऐकतो, हृदयाचाच इतका कमी का?

---

सूक्ष्मदर्शी

@पडघम, कॅन्सर मुख्यतः विभागत राहणाऱ्या पेशींत होतो. आतड्याचं अस्तर काही दिवसांत बदलतं, त्वचा बदलते. हृदयाचे स्नायू जवळपास जन्मभर तेच. हे मोजलं कसं ते मला फार आवडतं. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला आणि चाचण्या थांबल्यावर घटत गेला. स्वीडनमध्ये योनास फ्रिसेन यांच्या गटाने हृदयाच्या पेशींच्या डीएनएमधला हा कार्बन मोजून पेशीचं जन्मवर्ष काढलं. २००९ मध्ये त्यांनी छापलं की पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायूपेशी नव्या होतात आणि पंच्याहत्तरीत ०.४५ टक्के. म्हणजे आपल्यासोबत जन्मलेल्या निम्म्याहून अधिक पेशी शेवटपर्यंत सोबत असतात.

पण अँजिओसार्कोमा स्नायूत होत नाही, वाहिन्यांच्या अस्तरात होतो. म्हणून दादांसारखे लोक सापडतात. शवविच्छेदनांच्या जुन्या मोजणीत हृदयाच्या सगळ्या मूळच्या गाठी मिळून ०.०२ टक्क्यांच्या आसपास, १० हजारांत दोन. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश सौम्य. उरलेल्या घातक गाठींत बहुतेक सार्कोमा. इतर अवयवांतून हृदयात पसरलेला कॅन्सर याच्या वीसपटीहून जास्त वेळा दिसतो. १९३४ पर्यंत तर हृदयाच्या सार्कोमाचं निदान जिवंत माणसात झालंच नव्हतं, सगळी माहिती शवागारातून आलेली.

---

सायली_म

येरळाकाठ, तुमच्या दुःखात हे लिहू की नको असं झालं होतं, पण वरचे आकडे वाचून धीर आला. माझ्या आईला २०१२ मध्ये हृदयात गाठ सापडली. आम्ही सगळे रडून मोकळे झालो होतो. निघाला मिक्सोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली सौम्य गाठ, डाव्या कप्प्यात, देठ असलेला. काढला, दहाव्या दिवशी घरी. आज ७१ वर्षांची आहे, वाळवण घालते. हा धागा वाचून कुणाच्या घरात घबराट होऊ नये म्हणून लिहिलं. इकोत 'गाठ' शब्द आला म्हणजे सगळं संपलं असं नाही.

---

आडवाट

फार बरं केलंत सायलीताई, हे लिहिलंत ते. मोठ्यांमध्ये सौम्य गाठींतली निम्मी तर मिक्सोमाच असते. १९५४ मध्ये स्टॉकहोमला क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी हार्ट-लंग मशीन वापरून मिक्सोमा पहिल्यांदा यशस्वीपणे काढला, आणि आज ते आमच्यासाठी नेहमीचं काम आहे.

इकोतच पुष्कळदा अंदाज येतो. मिक्सोमा बहुधा दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला देठाने लोंबकळतो. गाठ रुंद बुडाची असेल, पडदा सोडून दुसऱ्याच भिंतीतून निघालेली असेल, फुफ्फुसाकडून येणाऱ्या शिरांत शिरलेली असेल किंवा सोबत लाल पाणी असेल, तर मन साशंक ठेवायचं.

---

भीमथडी

माझ्या वडिलांचं वेगळं आणि तरी हेच. त्यांना फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी आहे म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या. चार महिने झाले, गुठळी विरघळेना, उलट वाढली. पायांच्या शिरा तपासल्या, तिथे गुठळीचा मागमूस नाही. वजन उतरत चाललेलं. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पेट स्कॅन करायला लावला आणि ती 'गुठळी' दिव्यासारखी उजळली. गुठळी अशी उजळत नाही म्हणाल्या. फुफ्फुसाच्या धमनीच्या आतल्या अस्तराचा सार्कोमा होता. ऑपरेशन झालं, धमनी आतून खरवडून काढली. त्यानंतर १४ महिने मिळाले. त्या १४ महिन्यांत नातीचं लग्न बघितलं त्यांनी, पंगतीत वाढायला उभे राहिले होते. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार आम्ही कधी विसरणार नाही.

---

सूक्ष्मदर्शी

@भीमथडी, हा रोग १९२३ मध्ये मॉरिट्झ मांडेलश्टाम यांनी शवविच्छेदनात पहिल्यांदा नोंदवला. शंभर वर्षं झाली, तरी आजही बहुतेकांना आधी गुठळीच म्हटलं जातं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तीन खुणा होत्या: औषधाने न विरघळणं, पायात काही न सापडणं आणि वजन उतरणं. तिन्ही एकत्र जोडून बघणारी व्यक्ती भेटली.

---

ह्यूस्टनकर

मी इथे ह्यूस्टनला हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत नर्स आहे, मूळची साताऱ्याची. डाव्या अलिंदातला सार्कोमा हृदयाच्या मागच्या बाजूला असतो, तिथे शल्यचिकित्सकाचा हात पोचत नाही. मग हृदय पूर्ण काढून बाहेर बर्फात ठेवतात, गाठ कापतात, भिंत शिवतात आणि तेच हृदय परत बसवतात. डेंटन कूली यांनी १९८५ मध्ये हा प्रयत्न केला, तो रुग्ण वाचला नाही. मायकेल रिअर्डन यांनी १९९८ मध्ये इथेच तो यशस्वी केला. उजव्या बाजूच्या गाठींना सहसा याची गरज पडत नाही. तिथे आधी केमो देऊन गाठ आकसवायची आणि मग कापायची, म्हणजे कडेला पेशी उरण्याची शक्यता कमी होते, असं इथल्या शल्यचिकित्सकांचं म्हणणं आहे.

येरळाकाठताई, माझ्या वॉर्डात या रोगाचे तरुण रुग्ण मी पाहिलेत. जगातली सगळी साधनं हाताशी असूनही त्यातले बहुतेक दोन वर्षांच्या आत गेले. दादांसाठी तुम्ही काही कमी केलंत असं कृपा करून मनात आणू नका.

---

कुंपणवेल

मूर्ख प्रश्न असेल, पण धमनी दबत असेल तर स्टेंट का टाकत नाहीत? माझ्या काकांना दोन टाकलेत.

---

आडवाट

प्रश्न मूर्ख अजिबात नाही. काकांच्या धमनीत अडथळा आतून होता, चरबीचा थर भिंतीला आतल्या बाजूने चिकटलेला. स्टेंटने तो दाबून बसवला. इथे दाब बाहेरून आहे आणि तो वाढत जाणार आहे. शिवाय भिंत कुजलेली, तिथे फुगा फुगवणं म्हणजे फुटण्याला आमंत्रण. आणि स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या द्याव्या लागतात. जी गाठ आधीच आवरणात रक्त सोडते आहे तिच्या शेजारी त्या गोळ्या देताना माझा हात थरथरेल.

अँजिओग्राफीत आणखी एक गोष्ट दिसते. रंग सोडला की धमनीच्या फांद्यांतून तो गाठीत जातो आणि तिथे ढगासारखा रेंगाळतो. त्याचा अर्थ ही गाठ त्याच धमनीचं रक्त पिऊन वाढते आहे. पाटाला भोक पाडून शेजारच्याने आपलं वावर भिजवावं तसं.

---

येरळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. भीमथडी, वडिलांचं वाचून रडू आलं, पंगतीचं विशेषतः.

दोन प्रश्न आत्यांनी विचारायला सांगितलेत. गलाईत नायट्रिक ॲसिड असतं, त्याचा पिवळा धूर असतो. त्यानेच झालं का? आमच्या भावकीतली पन्नासेक पोरं आज त्याच धुरात उभी आहेत. आणि दुसरं, दादाच्या आत्याला, म्हणजे आमच्या आत्यांच्या नणंदेला, वयाच्या ३१ व्या वर्षी मांडीत गाठ झाली होती. मिरजेला ऑपरेशन झालं, तेव्हा 'मांसाचा कॅन्सर' म्हणाले होते. त्या आज आहेत, ठणठणीत. याचा काही संबंध असतो का? दादाचा मुलगा १४ वर्षांचा आहे.

---

सूक्ष्मदर्शी

ताई, दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण आधी पहिला.

अँजिओसार्कोमाचा संबंध काही रसायनांशी सिद्ध झालेला आहे, पण तो यकृतातल्या अँजिओसार्कोमाचा. पीव्हीसी कारखान्यातला व्हायनिल क्लोराइड वायू, आर्सेनिक आणि पूर्वी एक्स-रेसाठी टोचायचे तो थोरियमचा द्रव. हृदयातल्या गाठीशी असा कुठल्याही धुराचा संबंध सिद्ध झालेला नाही, नायट्रिक ॲसिडचाही नाही. आत्यांना सांगा, धंद्याने दादाला हे दिलं असं म्हणायला आधार नाही. तो धूर फुफ्फुसाला वाईट आहेच, त्या पोरांनी चिमणी आणि पंखे नीट लावावेत, ते वेगळ्या कारणासाठी.

आता मांडीची गाठ. 'मांसाचा कॅन्सर' म्हणजे बहुधा सार्कोमाच. एकाच घराण्यात, रक्ताच्या दोन माणसांना, दोघांनाही चाळिशीच्या आत सार्कोमा, हे मी योगायोग म्हणून सोडून देणार नाही. टीपी५३ नावाच्या जनुकातला दोष घराण्यात उतरत असेल तर तरुणपणी सार्कोमा होतात. स्पेनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पीओटी१ या जनुकातला दोष नेमका हृदयाचा अँजिओसार्कोमा झालेल्या कुटुंबांत दाखवला. बहुतेक रुग्णांत असं काही नसतं. पण तुमच्याकडे बघण्यासारखं आहे.

मुलाची तपासणी आधी करू नका. जिला रोग झाला आणि जी हयात आहे तिचं रक्त आधी, म्हणजे मांडीची गाठ झालेल्या त्या आत्यांचं. त्यांच्यात दोष सापडला तरच पुढे मुलाचा विचार, आणि तोही समुपदेशकाशी बसून, मुलाला समजेल अशा भाषेत. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये कर्करोग-जनुकांसाठी वेगळी ओपीडी आहे. दादांचा बायप्सीचा ब्लॉक (काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात ती वडी) आणि स्लाइड्स तुमच्याकडे आहेत का? आत्यांचे जुने कागद?

---

येरळाकाठ

आत्यांचे कागद १९९० च्या दशकातले, मिळतात का बघते. दादाचा ब्लॉक आहे. दुसऱ्या मतासाठी आम्ही तो आणला होता, परत करायचा राहून गेला. वहिनींनी तो गावी, देवघराखालच्या कप्प्यात ठेवलाय, चांदीच्या वस्तूंसोबत. दादाचा आहे म्हणून. मला माहीतच नव्हतं, आज फोनवर म्हणाल्या. मेणासारखी चौकोनी वडी आहे एवढंच त्यांना ठाऊक. समईच्या उबेने काही झालं असेल का?

---

सूक्ष्मदर्शी

समईच्या उबेने सहसा नाही, तो पॅराफिन पन्नास-साठ अंशांच्या पुढे वितळतो. पण तिथून हलवा. कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा, फ्रिजमध्येही चालेल. डबीवरचा नंबर पुसू देऊ नका, तो नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळायला हवा. फॉर्मॅलिनमुळे त्यातला डीएनए तुटलेला असतो, म्हणून रक्ताइतका तो उपयोगी नाही, पण आत्यांच्या रक्तात काही सापडलं तर तेच दादांमध्ये होतं का, हे त्या वडीतून बघता येईल.

---

येरळाकाठ

वहिनींनी आत्ताच हलवला. नंबर वाचून दाखवला, रिपोर्टशी जुळतो. दादाच्या त्या आत्या यायला तयार आहेत, म्हणाल्या, पोरासाठी रक्त काय, लागेल ते घ्या. पुढच्या बुधवारी त्यांना घेऊन मुंबईला जातोय. वहिनीही येतायत, वडी स्वतःच्या पिशवीत घेऊन.